अमळनेरच्या ताईंना, ज्यांनी ‘किती’ विचारण्याआधी ‘कसं’ विचारलं

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र पाकिटात घालून तुमच्या कर सल्ल्याच्या ऑफिसला पाठवता आलं असतं. पण माझ्याबद्दल आणि माझ्या वडिलांबद्दल जे बोललं गेलं ते चारचौघांत बोललं गेलं, म्हणून तुमचे आभारही चारचौघांतच मानतो आहे. तुमचं नाव लिहीत नाही. ‘माझी जाहिरात नको’ असं तुम्ही मला आधीच बजावलं आहे.

२०२४ च्या दिवाळीनंतर मी ऑनलाइन पोकरची एक टूर्नामेंट जिंकलो. नोकरी जिनिंगमध्ये हिशेबाची, शिक्षण स्टॅटिस्टिक्सचं, आणि पत्त्यांचा नाद घरातूनच आलेला. आपल्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोके बांधतात, गौराई बसते आणि पुरुषमंडळी पत्त्यांना बसतात, हे काही मी कुणाला नव्याने सांगायला नको. पण मला पोकर आवडलं ते त्यातल्या गणितामुळे. २००३ साली ख्रिस मनीमेकर नावाचा अमेरिकेतला एक अकाउंटंट ऑनलाइन पात्रता फेरीतून पुढे गेला आणि वर्ल्ड सीरिज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा जिंकून २५ लाख डॉलर घेऊन गेला. हे वाचलं तेव्हापासून, हिशेब करणाऱ्या माणसाला या खेळात जागा आहे असं मला वाटत आलं. मी पुस्तकं वाचली, वह्या भरल्या, खेळलेले डाव पुन्हा पुन्हा तपासले. त्या रात्री पहाटेपर्यंत खेळून शेवटी मी एकटा उरलो. ते मी मेहनतीने कमावलं होतं आणि मला त्याचा फार आनंद झाला होता.

तो आनंद एक दिवससुद्धा टिकू दिला नाही लोकांनी. जो भेटेल तो पहिलं विचारायचा, “किती मिळाले?” आकडा ऐकून झाला की दुसरं वाक्य ठरलेलं, “जुगाराचा पैसा टिकत नाही हं.” नातेवाइकांनी उसने मागितले, आणि नाही म्हटल्यावर माझ्या पाठीमागे त्यांनीच मला जुगारी म्हटलं. हेही मी सहन केलं असतं.

पण बँकेत जे झालं ते माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. रक्कम जमा झाली आणि खात्यावर होल्ड लागला, म्हणजे पैसे काढता येईनात. मोठी रक्कम गेमिंग कंपनीकडून आली म्हणून बँकेने खुलासा मागितला, त्यात काही चूक नाही. तो द्यायला मी कागद घेऊन गेलो. वडिलांचं पीककर्ज त्याच शाखेत, म्हणून तेही सोबत होते. तिथल्या साहेबांनी कागद हातातसुद्धा घेतले नाहीत. काउंटरच्या पलीकडून, सगळी रांग ऐकेल अशा आवाजात वडिलांना विचारलं, “आप्पा, पोरगं जुगार खेळतं आणि तुम्ही त्याच्या मागे बँकेत फिरता का?” माझे वडील साठी ओलांडलेले. केळीचा भाव पडला, गारपीट झाली, करपा आला, तरी त्यांनी कुणाचा रुपया बुडवलेला नाही. ते काही बोलले नाहीत. टोपी सारखी केली आणि बाहेर आले. घरी येईपर्यंत माझ्याशीही बोलले नाहीत, आणि त्यानंतरही कितीतरी दिवस कामापुरतंच बोलले.

मग एका कर सल्लागाराकडे गेलो. त्यांनी चहा मागवला, दार लोटून घेतलं आणि म्हणाले, “केळीत दाखवून टाकू. शेतीच्या उत्पन्नाला टॅक्स नाही.” वडील तिथून उठले. मला म्हणाले, “माझ्या केळीच्या नावावर हे लिहायचं नाही.” आणखी एका वकिलाने रकमेतले टक्के मागितले. ज्यांच्याकडे मदत मागायला गेलो, त्यांना एक तर माझी लाज वाटत होती किंवा माझ्यात हिस्सा दिसत होता.

तुमच्याकडे आलो तोवर पावसाळा लागला होता. रिटर्नचा हंगाम, टेबलावर फायलींचा ढीग, बाहेर बाकावर माणसं बसलेली. वडील यायला तयारच नव्हते, आईने बळेच पाठवलं होतं. मी पाठ केलेलं बोलायला लागलो: कंपनी कोणती, रक्कम कधी जमा झाली, होल्ड कधी लागला. तुम्ही हाताने थांबवलंत आणि म्हणालात, “भाऊ, आधी अभिनंदन. एवढ्या लोकांतून पहिलं येणं सोपं नसतं.”

ताई, जिंकल्यापासून तोवर ‘अभिनंदन’ असं मला कुणीही म्हटलं नव्हतं.

आणि मग तुम्ही फायली बाजूला सरकवल्या. ड्रॉवरमधून पत्त्यांचा जुना जोड काढला, सुट्टीत भाचे येतात त्यांच्यासाठी ठेवलेला, आणि माझ्यासमोर ठेवून म्हणालात, “तो शेवटचा डाव मला लावून दाखवा. आप्पा, तुम्हीपण खुर्ची जवळ घ्या.”

त्या दिवशी तुम्ही जे केलंत, त्यातलं हेच माझ्यासाठी सगळ्यांत मोठं आहे. अर्ज, खुलासे, रिटर्न हे सगळं तुम्ही नंतर चोख केलंत आणि होल्ड निघाला, ते मी विसरणार नाही. पण पत्ते पुढे ठेवून, वडिलांच्या देखत, ‘तू जिंकलास कसा’ हे तुम्ही विचारलंत, तेव्हा माझी मान जी वर झाली ती अजून वर आहे.

मी पानं मांडली. प्रत्येकाच्या हातात दोन पानं झाकलेली, मधे पाच पानं सगळ्यांची. आधी तीन एकदम उघडतात, मग चौथं, मग पाचवं, आणि प्रत्येक टप्प्यावर बोली. माझ्याकडे किलवरचा राजा आणि किलवरची नव्वी. मधे आले बदाम राजा, बदाम अठ्ठी, किलवर चौकी. म्हणजे माझी राजांची जोडी झाली. समोरचा वाढवत होता, मी बरोबरी करत होतो. चौथं पान इस्पिक दुर्री, पाचवं इस्पिक गुलाम. आणि समोरच्याने उरलेलं सगळं पुढे ढकललं. मधे आधीचे ६० लाख चिप्स (खेळातली टोकनं, रुपये नव्हे) होते, त्यात त्याने ३० लाख टाकले. मला ३० लाख लावून ९० लाख उचलायचे होते. म्हणजे अशा चार वेळांपैकी एकदा जरी मी बरोबर निघालो तरी माझं नुकसान नाही. तुम्ही लगेच कॅल्क्युलेटर ओढलात, आकडे मारलेत आणि म्हणालात, “बरोबर, २५ टक्के.”

मग विचारलंत, “पण त्याच्याकडे काही नाही हे कशावरून?” मी सांगितलं की हा माणूस रात्रभर चांगली पानं आली की थोडं थोडं लावायचा, समोरच्याला आत ओढायचा. जुळणी अपुरी असली की मात्र मोठं लावून घाबरवायचा. मधे दोन बदाम पडले होते आणि तो तेव्हापासून मोठं लावत होता. तिसरा बदाम शेवटपर्यंत आला नाही. म्हणून मी हो म्हटलं. त्याने पानं उघडली: बदाम एक्का आणि बदाम पंजी.

वडील इतका वेळ गप्प होते. त्यांनी बोट पुढे करून टेबलावरचे बदाम मोजले. म्हणाले, “एका रंगाची तेरा. चार याला दिसली. मंग नऊ उरनात ना?”

हो आप्पा, नऊ. न दिसलेल्या ४७ पानांत नऊ. पुढच्या दोन पानांत त्याला एक बदाम मिळण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के. म्हणजे तीनातून जवळपास दोनदा तो येतच नाही.

“म्हणजे केळीच्या सौद्यासारखं,” वडील म्हणाले. “उद्याचा भाव कुणाला ठावका? किती जाईल न् किती येईल ते पाहून माल काढायचा.”

तुम्ही हसलात. मग दोन एक्के हातात किती वेळा येतात हे विचारलंत. मी म्हटलं, सरासरी २२१ डावांत एकदा. “मग बाकीच्या वेळी?” बहुतेक वेळा पानं टाकून द्यायची आणि बसून राहायचं. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. एका रात्रीत नशीब उघडलं असं त्यांना सगळ्यांनी सांगितलं होतं. त्यांचा मुलगा रात्रभर पानं टाकत बसला होता, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

बायकाही हा खेळ खेळतात का, हेही तुम्ही विचारलंत. निकिता लूथर या भारतीय खेळाडूने २०१८ मध्ये लास वेगासला वर्ल्ड सीरिज ऑफ पोकरमध्ये जोडीच्या स्पर्धेचं, विजेत्याला मिळणारं ब्रेसलेट जिंकलं, हे सांगितल्यावर तुमचा चेहरा किती खुलला होता. बाहेर माणसं ताटकळत होती आणि तुम्ही घड्याळाकडे पाहिलं नाही.

कामाची बाजू मी लांबवत नाही, फक्त दोन गोष्टी सांगतो, कारण त्या माझ्यासारख्या कुणाच्या तरी उपयोगी पडतील. ऑनलाइन खेळाच्या जिंकण्यावर १ एप्रिल २०२३ पासून, तेव्हाच्या आयकर कायद्यातल्या कलम ११५बीबीजे खाली सरसकट ३० टक्के कर होता, आणि कंपनी तो कलम १९४बीए खाली आधीच कापून घ्यायची. तुम्ही दाखवून दिलंत की त्यावर ४ टक्के सेस धरून खरा दर ३१.२ टक्के होतो, म्हणजे लाखामागे १,२०० रुपये आपल्याला वेगळे भरायचे होते. शिवाय आयटीआर-१ हा रिटर्नचा साधा फॉर्म अशा रकमेला चालत नव्हता. हे आधीच्या सल्लागारांनी सांगितलंच नव्हतं. ते तर केळीत दाखवायला निघाले होते, जेव्हा ती रक्कम माझ्या पॅनवर, आयकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकात (एआयएसमध्ये) स्पष्ट दिसत होती. मी ते सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, “दिसतंय ते लपवायचं कशाला? आणि दिसत नसतं तरी लपवायचं कशाला?” वडील हे वाक्य आजही घरी म्हणतात.

पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी आणणारा कायदा संसदेत मंजूर झाला. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही. गावात लगेच उठलं की आता याला आत टाकणार. आई देवघरासमोरून उठेना. मी रात्री तुम्हाला फोन केला, रिटर्नची मुदत १५ सप्टेंबरपर्यंत असल्याने तुम्ही ऑफिसातच होता. तुम्ही म्हणालात, फोन आईकडे द्या. आणि तिला तिच्या बोलीत समजावलंत, की शिक्षा आहे ती असे खेळ चालवणाऱ्याला, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्यालाही आहे. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही, आणि तुमच्या मुलाचं जिंकणं तर त्याच्या कितीतरी आधीचं, कर भरलेलं. आई त्या रात्री जेवली.

पैसे लावून खेळणं मी तेव्हाच थांबवलं. कायद्याबद्दल मला राग नाही. मोबाइलवर कर्ज काढून खेळणारी, दागिने मोडणारी मुलं मी पाहिली आहेत, त्यांच्या आईबापांचे हाल पाहिले आहेत. कुणी मला जवळ बसवून ही काळजी बोलून दाखवली असती, तर मी ऐकून घेतली असती. तसं एकानेही केलं नाही. काळजीच्या नावाखाली माझ्या वडिलांना रांगेत उभं करून खाली मान घालायला लावली, ते मला मान्य नाही आणि कधी होणार नाही.

माणसाशी नीट बोलायला पैसा लागत नाही, पद लागत नाही. बँकेतल्या साहेबांकडे तुमच्यापेक्षा मोठी खुर्ची आहे. त्यांनी कागद हातात घेतले असते, एवढंच म्हटलं असतं की ‘बसा आप्पा, बघतो’, तर नियमाप्रमाणे होल्ड राहिला असता तरी आम्ही त्यांचे आभार मानले असते. सरकारी कचेरीत, दवाखान्यात, बाजार समितीत खेड्यातला माणूस गेला की तो आधी समोरच्याच्या तोंडाकडे पाहतो. तिथे त्याला कळतं की आपण माणूस आहोत की कटकट. तुमच्या ऑफिसात बाकावर बसलेल्या प्रत्येकाला तुम्ही नावाने हाक मारता, बायकांना आधी पाणी विचारता, ज्याला सही येत नाही त्याचा अंगठा घेताना त्याला वाईट वाटणार नाही असं बोलता. मी कोपऱ्यात बसून हे सगळं पाहिलं आहे. फी तुम्ही सगळ्यांकडून घेता तेवढीच माझ्याकडून घेतलीत, आणि माझी रक्कम किती हे रिटर्नच्या कागदावर येईपर्यंत एकदाही विचारलं नाही.

वडिलांचं पीककर्ज फिटलं. उरलेल्यात ठिबकचे जुने पाइप बदलले आणि बहिणीचं बी.एड. चालू आहे. आणि एक सांगायचं राहिलं. वडील आता पारावर बसून लोकांना नऊ बदामांचा हिशेब समजावून सांगतात. कुणी ‘जुगार’ म्हटलं तर पत्ते मागवतात आणि म्हणतात, “इकडे बस, दाखवतो.” डाव थोडा चुकीचा लावतात, गुलामाच्या जागी राणी ठेवतात, पण बदाम बरोबर मोजतात.

आईचा निरोप आहे की या आखाजीला तुम्ही घरच्यांना घेऊन आमच्याकडे यायचं. खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस ती करणार आहे, भाच्यांनाही आणा, झोका बांधलेला असेल. वडिलांना तुमच्याशी पत्ते खेळायचे आहेत, पैसे न लावता. चोपड्याच्या स्टँडवर उतरलात की फोन करा, मी गाडी घेऊन येतो.

आपला,
चोपडा तालुक्यातला, आप्पांचा मुलगा