अणुभट्टीच्या पुढचे काम : अणुऊर्जा राज्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. राज्यमंत्री, अणुऊर्जा विभाग,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : वैद्यकीय समस्थानिकांच्या विलगीकरण आणि शुद्धीकरणाची क्षमता वाढवण्याबाबत

महोदय,

मी कोपरखैरण्याला राहते आणि ठाण्यातल्या एका रुग्णालयात न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्ट आहे, म्हणजे किरणोत्सारी औषधे देऊन रुग्णांचे स्कॅन करणे हे माझे काम. देशभरातल्या रुग्णालयांना किरणोत्सारी औषधे पुरवणारे ब्रिट, म्हणजे बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजी, आमच्या वाशीत आहे. खाडीपलीकडे मुंबईतल्या तुर्भ्याला (ट्रॉम्बे) ध्रुव अणुभट्टी आहे, इकडे खारघरला टाटा स्मारक केंद्राचे कर्करोग उपचार-संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक आहे. अणुभट्टी, रसायनशाळा आणि कर्करोग रुग्णालय इतक्या जवळ असलेला दुसरा पट्टा देशात क्वचितच असेल. म्हणून हे पत्र इथून लिहिते आहे.

१६ मे २०२० रोजी अर्थमंत्र्यांनी वैद्यकीय समस्थानिकांसाठी, म्हणजे तपासणी आणि उपचारांत वापरल्या जाणाऱ्या किरणोत्सारी मूलद्रव्यांसाठी, सार्वजनिक-खासगी भागीदारीतून संशोधन अणुभट्टी उभारण्याची घोषणा केली. तेव्हा आमच्या विभागात सगळ्यांनाच आनंद झाला होता. ती अणुभट्टी हवीच आहे. पण तेव्हापासून या विषयावर जे बोलले जाते ते अणुभट्टीपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. माझे म्हणणे एवढेच की अणुभट्टीतून बाहेर आलेला डबा कोणत्याही रुग्णाला उपयोगी पडत नाही. त्यातून हवे तेवढेच वेगळे काढून, शुद्ध करून, वेळेत पोहोचवणे हे खरे अवघड काम आहे. त्याला वेगळा पैसा, वेगळी माणसे आणि वेगळी जबाबदारी मिळायला हवी.

आम्ही सर्वांत जास्त वापरतो ते टेक्नेशियम-९९एम. हाडे, हृदय, मूत्रपिंड, थायरॉइड यांच्या स्कॅनसाठी जगभर तेच चालते. त्याचा अर्धायुष्यकाल, म्हणजे निम्मे होण्याचा काळ, फक्त ६ तास; आज सकाळच्या डोसचा उद्या सकाळी सोळावा हिस्सा उरतो. त्याचा साठा करता येत नाही. म्हणून आम्हाला त्याचे जनक, म्हणजे ज्याच्या क्षयातून ते सतत तयार होते ते मॉलिब्डेनम-९९ मिळते, तेही ६६ तासांत निम्मे होणारे. युरेनियमच्या विखंडनातून, म्हणजे अणुकेंद्रक फुटण्यातून, ते मिळवायचे तर शंभर विखंडनांमागे साधारण सहाच अणू मॉलिब्डेनम-९९चे निघतात. बाकी आयोडीन, रुथेनियम, टेल्युरियम, स्ट्रॉन्शियम असा सगळा गोतावळा. शिशाच्या जाड भिंतीआड, यांत्रिक हातांनी अणुभट्टीत ठेवलेले युरेनियमचे ते लक्ष्य विरघळवायचे, स्तंभांतून गाळत मॉलिब्डेनम वेगळे करायचे, तपासायचे, भरायचे. आणि हे करताना दर तासाला त्यातले एक टक्का नाहीसे होत असते. एक दिवस उशीर झाला तर २२ टक्के गेलेच. ते कितीही पैसे मोजून परत मिळत नाहीत.

शुद्धतेचा आग्रह कागदोपत्री वाटेल, पण तिची उणीव आम्हाला पडद्यावर दिसते. मॉलिब्डेनम ज्या भांड्यातून रुग्णालयात येते त्या जनरेटरमधल्या अ‍ॅल्युमिनाच्या (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या) स्तंभातून सलाइन सोडले की टेक्नेशियम उतरते आणि मॉलिब्डेनम मागे राहावे अशी अपेक्षा असते. ते सोबत उतरले तर रुग्णाला नाहक किरणोत्साराची मात्रा बसते. म्हणून टेक्नेशियमच्या प्रत्येक मिलिक्युरीमागे (क्युरी हे किरणोत्साराचे माप) ०.१५ मायक्रोक्युरीपेक्षा जास्त मॉलिब्डेनम चालत नाही. स्तंभातले अ‍ॅल्युमिनियम उतरले तर टेक्नेशियमचे कण धरतात आणि हाडांच्या स्कॅनमध्ये यकृत उजळते. किटला, म्हणजे त्याला ठरावीक अवयवात नेणाऱ्या औषधाला, न जोडलेले टेक्नेशियम मोकळे राहिले तर थायरॉइड आणि जठर दिसू लागते. अशा चित्रावरून कर्करोग हाडांत पसरला की नाही हे डॉक्टरांनी सांगायचे असते. रसायनशाळेतली चूक इथे थेट निदानात उतरते.

हे ज्ञान आपल्याकडे नाही असे मुळीच नाही. ध्रुवमध्ये साधे मॉलिब्डेनम ऑक्साइड ठेवून, मग मिथाइल इथाइल कीटोन या द्रावकाने टेक्नेशियम ओढून घेण्याची पद्धत आपल्या रुग्णालयांनी वर्षानुवर्षे चालवली. कष्टाची पद्धत होती ती. पण देशात जे उपलब्ध होते त्यातून रुग्णांचे स्कॅन होत राहिले. त्या पिढीच्या हातातले कौशल्य मला फार मोलाचे वाटते. आयात केलेल्या विखंडन-मॉलिब्डेनमचे जनरेटर सोयीचे आहेत, शंका नाही. पण मे २००९ मध्ये कॅनडातली चॉक रिव्हरची अणुभट्टी बंद पडली ती पंधरा महिने, आणि जगभरातले स्कॅन अडले. युरोपातल्या पेटेन आणि मोल इथल्या अणुभट्ट्या १९६०च्या दशकाच्या सुरुवातीच्या. त्यांच्या प्रकृतीवर शहापूरच्या रुग्णाचा स्कॅन अवलंबून असू नये.

पुरवठा अडला की काय होते ते आम्ही पाहतो. प्रोस्टेटच्या कर्करोगाचा म्हातारा रुग्ण पहाटेची एसटी आणि मग लोकल पकडून मुलासोबत येतो, आणि काउंटरवर त्याला सांगावे लागते, "बाबा, आज डोस नाही." त्याचा मुलगा दिवसाचा रोज बुडवून आलेला असतो. मला हे सांगताना दरवेळी लाज वाटते.

आता उपचारांकडे वळते, कारण पुढची दहा वर्षे तिथली आहेत. ल्युटेशियम-१७७ आज न्यूरोएंडोक्राइन गाठी आणि प्रोस्टेटच्या कर्करोगावर दिले जाते. ध्रुवमध्ये समृद्ध ल्युटेशियम-१७६ पासून ते बनते, हे आपले मोठे यश. पण या मार्गात सोबत थोडे ल्युटेशियम-१७७एम येते, त्याचा अर्धायुष्यकाल १६० दिवस. परिणामी रुग्णालयाचा किरणोत्सारी कचरा महिनोन्‌महिने सांभाळावा लागतो. दुसरा मार्ग यिटर्बियम-१७६ पासून ल्युटेशियम-१७७ मिळवण्याचा. त्यात हा त्रास नाही, पण यिटर्बियम आणि ल्युटेशियम आवर्तसारणीतले सख्खे शेजारी, क्रमांक ७० आणि ७१. रासायनिक वागणूक जवळपास सारखीच. यिटर्बियमच्या ढिगातून ल्युटेशियमचा कण वेचायचा, तोही साडेसहा दिवसांत निम्मा होणारा. जगात जे देश हे मोठ्या प्रमाणावर करतात, ते अणुभट्टीच्या जोरावर नव्हे, विलगीकरणाच्या जोरावर करतात.

आणि इतर समस्थानिकांचा कच्चा माल? तो तर आपल्याच वापरलेल्या इंधनात आहे. तुर्भ्याच्या उच्च-किरणोत्सारी कचऱ्यातून बीएआरसीने (भाभा अणुसंशोधन केंद्राने) सीझियम-१३७ काढून रक्तविकिरण यंत्रांसाठी दिले, डोळ्यांच्या कर्करोगासाठी रुथेनियम-१०६च्या चकत्या केल्या, स्ट्रॉन्शियम-९० पासून इट्रियम-९० मिळवले. यातल्या शेवटच्या कामाला मी विशेष मान देते. स्ट्रॉन्शियम कॅल्शियमसारखे हाडात जाऊन बसते, म्हणून इट्रियमच्या औषधात त्याचा लवलेशही चालत नाही. थोरियमपासून बनणारे युरेनियम-२३३ जुने होत जाते तसे त्यात थोरियम-२२९ साठते, आणि त्यापासून कर्करोगाच्या उपचारासाठी लागणारे अ‍ॅक्टिनियम-२२५ मिळते, ज्याची आज सगळ्या जगात टंचाई आहे. थोरियमच्या वाटेने चालणाऱ्या, कल्पाक्कमला १९९६ पासून युरेनियम-२३३ वर अणुभट्टी चालवलेल्या देशाने या शर्यतीत मागे का राहावे?

म्हणून माझी विनंती अशी. नव्या अणुभट्टीच्या खर्चात हॉट सेल (शिशाच्या भिंतीआडच्या बंद खोल्या), शुद्धीकरण प्रयोगशाळा आणि गुणवत्ता तपासणी यांचा निधी पहिल्या दिवसापासून वेगळा दाखवावा आणि त्यांचे काम अणुभट्टीच्या आधी सुरू व्हावे. वाशी आणि तुर्भे इथे रेडिओकेमिस्ट आणि रेडिओफार्मसिस्टची कायमची पदे मंजूर करावीत. यांत्रिक हाताने काचेची नळी न फोडता झाकण फिरवणे कंत्राटाच्या अकरा महिन्यांत शिकून होत नाही. शिकवणारे निवृत्त होण्याआधी शिकणारे शेजारी उभे असले पाहिजेत. मुंबई विद्यापीठाशी जोडलेल्या ठाणे-नवी मुंबईतल्या महाविद्यालयांतून दरवर्षी रसायनशास्त्राचे पदवीधर बाहेर पडतात आणि औषध कंपन्यांत जातात. त्यांच्यासाठी वाशीतच प्रशिक्षण अभ्यासक्रम सुरू करता येईल.

दोन गोष्टींना फारसा पैसाही लागणार नाही. डिसेंबर २०२५ पासून उड्डाणे सुरू झालेल्या नवी मुंबई विमानतळावर किरणोत्सारी औषधांच्या पार्सलसाठी स्वतंत्र, जलद खिडकी असावी, म्हणजे वाशीतला माल मुंबईच्या सहार विमानतळाकडच्या वाहतूककोंडीत क्षय पावणार नाही. दुसरे, पुढच्या तीन महिन्यांचे पुरवठ्याचे वेळापत्रक, अणुभट्टीच्या देखभालीचे नियोजित दिवस धरून, सर्व रुग्णालयांना आधी कळवावे. आदल्या दिवशी समजले तरी आम्ही शहापूर-मुरबाडच्या रुग्णांना फोन करून थांबवू शकतो.

आपली,
न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्ट, ठाणे