मिठाला वास नसतो, नाक्या

रविवार, रात्री साडेदहा

प्रिय नाक्या,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. माझी तब्येत ठीक. गुडघा आहे तसाच, साखर गोळ्यांनी दबलीय. हिचं पित्त ही एकच योजना अशी की कुठल्याही सरकारात बंद पडत नाही. आक्कांचा दुसरा मोतीबिंदूही निघाला हे तुला ठाऊकच आहे. आता त्यांना माझ्या शर्टावरचे हळदीचे डाग रस्त्याच्या पलीकडून दिसतात.

फोन करता आला असता. चारदा लावायला घेतला आणि ठेवला. फोनवर तू मधेच हसतोस, मग मी सांगायचं ते सोडून उसाच्या तोडीचं बोलत बसतो. शिवाय आपले आचारी तात्या गेल्यापासून आपण नीट बोललेलोच नाही. तू आला नाहीस म्हणून मी रुसलो आणि मी रुसलो हे कळून तू फोन केला नाहीस. झालं ते झालं. पण आता आक्कांनी, तुझ्या आईनंच, दम दिलाय, ‘तू सांगतोस का मी सांगू?’ त्यांनी सांगितलं तर अर्धी डोंबिवली ऐकेल. म्हणून मीच लिहितो.

दत्तजयंतीचा प्रसाद यंदाही माझ्याच गळ्यात होता. १४०० पानं. आमटी, भात, वांगं-बटाटा आणि खपलीची खीर. कमिटीतल्या नव्या पोरांनी आधी पनीरचा विषय काढला होता. म्हटलं, किती आणणार? एक म्हणाला, पन्नास किलो. मी वही उघडली. माणशी ३५ ग्रॅम, म्हणजे दोन तुकडे. वाढप्यानं ओळखीच्याला चार टाकले की शेवटच्या पंगतीला नुसतं लाल पाणी. विषय तिथंच मिटला. वांग्याचं बरं असतं, आपली कृष्णाकाठची काटेरी वांगी असली की फोड मोडली तरी रश्श्याला घट्टपणा देऊनच जाते. फक्त जाळ ओढायचा तो वांगं थोडं कच्चं असताना. काहिलीतली भाजी जाळ काढल्यावरही अर्धा तास आपल्याच धगीनं शिजत असते. हे पोरांना पटत नाही, घरच्या कढईत असं होत नाही ना.

आमटीचे दोन टोप होते. एकेकात २५ किलो तूरडाळ, म्हणजे भरून साधारण दोनशे लिटर. पहिला उतरला, झकास. दुसऱ्यात चिंच-गूळ पडला, कूट पडला, मसाला पडला. सराट्यावर, म्हणजे ढवळायच्या लांब उलथन्यावर, आपल्या गवळ्याचा नातू होता. चांगला हात आहे पोराचा. पण पालखी देवळाच्या दारात आली, ताशा वाजला आणि पोरगं सराटा टोपाला टेकवून पळालं. खाली बाभळीचा अख्खा ओंडका पेटलेला. मी हातभर अंतरावर उभा. वही काढून पंगतींचा हिशेब लिहीत होतो. वाफ सरळ माझ्या तोंडावर येत होती.

ओट्यावर आक्का कोथिंबीर निवडत होत्या. वीसेक पावलांवर. तिथनं उठून आल्या आणि म्हणाल्या, ‘खाली लागलंय.’

मी म्हटलं, ‘छे, लाकडाचा धूर आहे, आक्का.’

त्या तशाच थांबल्या. टोपाकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग अगदी हळू, कुणाला ऐकू जाणार नाही असं, ‘तुला वास येत न्हाई व्हय रं?’

नाक्या, तुला खोटं सांगत नाही, त्या क्षणी मला दहावीत कॉपी करताना पकडलं होतं त्यापेक्षा जास्त घाम फुटला.

पुढचं सगळं त्यांनीच केलं. आधी पोरांना ओरडल्या, ‘कुणी ढवळायचं न्हाई, तळाला सराटा लावला तर हात मोडीन.’ ओंडका ओढला, पाणी मारलं. वरची आमटी बादल्यांनी दुसऱ्या टोपात काढली आणि खालची चार बोटं तशीच सोडून दिली. तरी वास राहिला म्हणाल्या. मी मान डोलावली, मला काय कळणार. मग तात्यांची जुनी लबाडी केली. वाटीत रसरशीत निखारा, वाटी आमटीवर तरंगत सोडली, निखाऱ्यावर तुपाची धार आणि वर झाकण. पाच मिनिटांनी काढलं. कमी पडलेली भर पहिल्या टोपातली काढून आणि वर आधणाचं पाणी घालून केली. पंगतीत लोक काय म्हणाले सांगू? ‘यंदा आमटीला चुलीची चव आलीय.’ खजिनदारांनी पुढच्या वर्षीही धुंगार द्या म्हणून जाहीर सुचवलं. मी वगराळं हातात घेऊन मख्खासारखा उभा.

आता खरं ते सांगतो. २०२१ च्या मे महिन्यात मला कोरोना झाला तेव्हा वास गेला. सगळ्यांचाच जात होता, तुझाही गेलेला. तुझा तीन आठवड्यांत आला. डाळीच्या डब्यात तोंड घालून तू मला व्हिडिओ पाठवला होतास, आठवतं? मी त्याला अंगठा टाकला. माझा आलाच नाही. आज येईल, उद्या येईल करत मी कुणाला बोललो नाही आणि मग इतके दिवस झाले की बोलायचीच लाज वाटायला लागली.

मिरजेला नाक-कान-घशाचे डॉक्टर बघून झाले. त्यांनी चार बाटल्या हुंगायला सांगितल्या, गुलाब, लवंग, लिंबू, निलगिरी. सकाळ-संध्याकाळ, एकेक वीस सेकंद, हुंगताना तो वास आठवायचा आणि हे महिनोन्‌महिने करायचं. काहींना यानं फरक पडतो म्हणे. मी माळ्यावर बसून करतो. हिला वाटलं मी कसला तरी गुप्त नेम धरलाय, तिनं तिथं रांगोळी काढली. आठव्या महिन्यात एकदा लवंग आल्यासारखी वाटली. दुसऱ्या दिवशी बाटलीत नुसतं तेल.

आणि चव म्हणजे काय ते मला आता कळलं. जिभेला खारट, गोड, आंबट, कडू कळतं. मिरचीची आग कळते. बस्स. बाकी ज्याला आपण चव म्हणतो ते सगळं नाक होतं. भरल्या वांग्याचा घास आता मला मऊ, खारट, तिखट लागतो. त्यात तीळ आहेत का खोबरं, ते बघून सांगावं लागतं. घरात साबण बदलला हे मला तिसऱ्या दिवशी रंगावरनं कळलं.

तू विचारशील, मग एवढी वर्षं स्वयंपाक कसा केलास? वहीनं. शंभराला साडेतीन किलो डाळ, बारा किलो तांदूळ, बारा किलो भाजी, मीठ शंभर लिटरला एक किलो. मोहरी कानानं कळते. कूट शिजला की कडेला तेल सुटतं, ते डोळ्याला दिसतं. तळाला धरायला लागलं की सराटा अडखळतो, हाताला कळतं, पण त्या दिवशी सराटा माझ्या हातात नव्हता. आणि झाकली कुणी? देवानंच. नैवेद्य निघेपर्यंत आचाऱ्यानं चाखायचं नाही, म्हणून मी का चाखत नाही असं कुणी विचारतच नव्हतं. गंमत बघ, मला धड जमण्यासारखी एकच गोष्ट, जिभेवर मीठ बघणं, आणि तीच बंद.

हसतोयस ना? हस. तात्यांनी तुला नाक्या आणि मला तलाठी नाव ठेवलं तेव्हापासून तू हसतोयस. तुझ्या बहिणीच्या लग्नातलं तुला आठवत असेलच, मी तर विसरणार नाही. नैवेद्य निघायचा होता. मी वहीप्रमाणं मीठ टाकलेलं. तू टोपावर वाकून वाफ ओढलीस आणि म्हणालास, ‘तलाठी, मीठ कमी आहे.’ मी म्हटलं, मिठाला वास नसतो, गाढवा. मी पाणी आणायला वळलो आणि तू तांब्याभर ओतलंस. व्याह्यांनी पहिला भुरका मारला आणि डोळे मिटले. मग कुणीतरी शहाण्यानं कणकेचे गोळे टाकायला लावले. गोळे शिजले, खारट झाले, आमटी तशीच. तीन बादल्या बिनमिठाची डाळ घातली तेव्हा कुठं ती तोंडात धरवली. आपण दोन वर्षं बोललो नाही. मिठाला वास नसतो हे माझं म्हणणं आजही कायम आहे.

पण पुराचं मी विसरलेलो नाही. ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं. धोक्याची खूण तिथं ४५ ला. आपण शाळेच्या पटांगणात मुगाच्या खिचडीची काहील चढवून बसलेलो, दिवसाला तीन-तीन वेळा. मदतीच्या ट्रकमधनं डाळीची पोती आली. तू एकाचं तोंड सोडलंस आणि म्हणालास, ‘हे नको.’ वरची डाळ माझ्या डोळ्यांना कोरडी, पिवळीधमक दिसत होती. बाहेर माणसं भुकेली आणि तू पोतं बाजूला सारतोयस. मी तुला काय काय बोललो ते इथं लिहीत नाही, पत्र हिच्या हाती लागलं तर पंचाईत. मग पोतं उपडं केलं. खालचा वीतभर थर भिजून हिरवा झालेला. तेव्हा माझं नाक शाबूत होतं, तरी मला कळलं नव्हतं.

तेच माझ्या डोक्यात फिरतंय रे. करपलेलं माणूस हसत खातं, धुंगार म्हणून वाखाणतं. आंबलेल्याचं तसं नाही. दोनशे लिटरचा टोप झाकून ठेवला की वरनं निवतो, पण मधनं तासन्‌तास कोमट राहतो आणि आंबायला लागतो तो तिथूनच. वर तवंग मस्त लाल दिसतो. तू झाकण काढता काढता सांगशील. मी पळी भरभरून वाढत बसेन. चौथ्या पंगतीला चार-पाच वर्षांची पोरं बसतात, नाक्या. परवापासून मी रात्री जागा होतो आणि मोजत बसतो, गेल्या चार वर्षांत किती टोप मी झाकण काढून नुसते बघितले आणि ‘चला, वाढा’ म्हणालो.

आक्का म्हणतात, सांगून टाक कमिटीला, लाज कसली. मला लाज आहे. कमिटी दुसऱ्या दिवशी शहरातला केटरर आणेल आणि दत्ताच्या दारात पनीर शिजेल. मग आक्का म्हणाल्या, बरं, मी खुर्ची टाकून चुलीपाशी बसते. अठ्ठ्याहत्तर वय, दोन डोळे नवे आणि बाईंना धुरात बसायचंय! मी नको म्हटलं. त्यांनी ऐकलंय असं वाटत नाही.

तुझं राहिलंच. बदली थांबली का? पोरीचं दहावीचं वर्ष, तिच्या मागं फार लागू नकोस, आपण काय दिवे लावलेले. वहिनींना सांग, तासगावचे बेदाणे काढून ठेवलेत, यंदाचे लांबट आहेत. बीपीची गोळी घे.

आता मुद्द्याचं. तात्यांचं वर्षश्राद्ध येत्या सोळा तारखेला, रविवारी. तीनशे पानं. त्यांचा थोरला घरी येऊन म्हणाला, बाबांचा स्वयंपाक तुमच्याशिवाय कुणाला सांगू. मी हो म्हणून बसलोय. कांदा-लसूण नाही. भाजी वांग्याचीच, त्यांच्या पद्धतीची, आणि डाळ रात्री भिजत घालायची आहे. शनिवारी रात्री कल्याणला महालक्ष्मी पकड. सकाळी सांगलीला गाडी घेऊन उभा राहतो. हात मी लावतो, सराटा मी धरतो, तू फक्त टोपाजवळ उभा राहायचं आणि झाकण काढलं की तोंड उघडायचं. मीठ मात्र मी टाकणार, वहीप्रमाणं. तू तांब्याला हात लावलास तर तात्यांच्या फोटोसमोर मारामारी होईल.

तुझा,
तलाठी

ता. क. तुझ्या बहिणीच्या लग्नाचं पान आज जुन्या वहीत सापडलं. त्या दिवशी पानं साडेचारशे होती आणि मीठ मी सहाशेचं धरलंय. म्हणजे तू तांब्या ओतायच्या आधीच ते जास्त होतं. कमी तर अजिबात नव्हतं, त्यामुळे तुझी वाफ खोटीच. पण व्याह्यांचे डोळे मिटले त्यात थोडा हात माझाही होता. आक्कांना हे कळवू नकोस.