नाशिकला जाताय, तर गंगापूरच्या बाजूला राहा

ती. आई आणि बाबांना,
शि. सा. नमस्कार.

नाशिकचं नक्की केलंत, फार बरं वाटलं. फोनवर सांगितलेलं निम्मं विसरतं, म्हणून सगळं लिहूनच पाठवते.

सगळ्यात आधी एक सांगते, ते मनावर घ्याच. एका दिवसात एकच ठिकाण. सकाळी त्र्यंबक, दुपारी पंचवटी, संध्याकाळी वायनरी असं आखलंत तर तिन्ही धावत होतील आणि आईचे गुडघे रात्री बोलतील. त्र्यंबकेश्वर शहरापासून तीसेक किलोमीटर आहे, त्याला स्वतंत्र दिवस द्या.

जायचं जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, तेही सोमवार ते गुरुवार. शनिवार-रविवारी वायनरीत मुंबईची गर्दी येते, टेबलासाठी उभं राहावं लागतं आणि गाणीही मोठ्यानं लागतात. २६ जानेवारीला ड्राय डे असतो, तो टाळा. याच दिवसांत द्राक्षाची तोडणी चालू असते, त्यामुळे बागेत घड आणि आत यंत्रं दोन्ही बघायला मिळतात. दुपारी ऊन लागतं, पण रात्री पारा दहा अंशांपर्यंत उतरतो. शाल आणि कानटोपी बॅगेत वरच ठेवा.

कोल्हापूरहून साडेचारशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे, एसटीने दहा तास धरा. चाकणला वाहतूक तुंबली की त्याहून जास्त. रात्रीच्या गाडीने गेलात तर पहाटे पोचाल आणि खोली मिळेल दुपारी. म्हणून लवकर खोली देणार का, हे बुकिंग करतानाच विचारायचं. गंगापूर रोडला जायला ठक्कर बाजार बसस्थानक जवळ पडतं. नाशिकच्या द्वारका चौकात उतरलात तर रिक्षाचा उगाच फेरा.

राहायचं गंगापूर धरणाच्या अंगाला, गोवर्धन-सावरगावच्या बाजूला. एमटीडीसीचं ग्रेप पार्क रिसॉर्ट धरणाच्या काठावरच आहे. संध्याकाळी पाण्याकडे तोंड करून बसलात की रंकाळ्याची आठवण येईल, फक्त भेळेच्या गाड्या नाहीत. वाटेत गोदावरीकाठी सोमेश्वराचं देऊळ लागतं, तिथे सकाळी जा. जवळच्या धबधब्याची मात्र आशा धरू नका, तो पावसाळ्यातला.

नाश्त्याला मिसळ. बारदान फाट्याकडे साधनाची चुलीवरची मिसळ गंगापूर रोडच्या वाटेवरच पडते. बाबा, आपल्या कटाशी तुलना करायला जाऊ नका, ती चीज वेगळी आहे. काळ्या मसाल्याचा रस्सा, सोबत पापड, दही, आणि स्लाइसऐवजी पाव. रस्सा वेगळा मिळतो तो एकदम ओतू नका, थोडा थोडा घ्या, म्हणजे शेव मऊ पडत नाही. नऊच्या आत पोचा. एकादशी आली तर मेन रोडला सायंतारा साबुदाणा वडा आहे. जिलेबी बुधा हलवाईची.

आता वायनरी. सुला १९९९ मध्ये सुरू झाली आणि २००५ पासून तिथे लोकांना वाईन चाखायला मिळते. दुपारी चारला पोचा. आधी आतला फेरफटका, अर्ध्या-पाऊण तासाचा. टाक्यांजवळची फरशी ओली असते, म्हणून आई, चपला नकोत, पकड असलेले बूट घाल. वर गच्चीकडे जायला जिना आहे. नसेल चढायचा तर खाली बसायची सोय आधी फोनवर विचारून घेऊ.

बाबा, तुम्हाला यातलं लगेच कळेल. ऊस पक्व झाला का ते ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, मोजून बघतात ना, तसंच इथे द्राक्षाचं. बाविस-चोवीस ब्रिक्सला तोडतात. ही द्राक्षं खायच्या थॉम्पसनपेक्षा बारीक, जाड सालीची आणि बियांची असतात. तांबड्या वाईनचा रंग गरातून नाही, सालीतून येतो. छाटणी वर्षात दोनदा: एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी. म्हणून फळ थंडीत पिकतं आणि पावसातून वाचतं.

चाखायला चार ते सहा वाईन देतात, प्रत्येकी तीसेक मिली. सहा घेतल्या तर सव्वा-दीड ग्लास होतो, तेव्हा दोघांत एकच संच मागा. आधी पांढऱ्या, मग तांबड्या, गोड शेवटी. गोड आधी घेतली की पुढची प्रत्येक आंबट लागते. ग्लास दांडीला धरा, तळहाताच्या उबेने पांढरी वाईन कोमट होते. जीभ खरखरीत झाली तर घाबरू नका, चहा जास्त उकळला की येतो तसलाच तो तुरटपणा. नको वाटली तर भांड्यात ओतून द्यायची, त्यात काही अपमान नाही. रिकाम्या पोटी घेऊ नका, आणि साखरेची, बीपीची किंवा झोपेची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. आई, तुला घ्यायची नसेल तर नको घेऊस. द्राक्षाचा रस घे, मावळतीपर्यंत बस. तेवढ्यासाठीही तिथे जावं, असं मला मनापासून वाटतं.

जेवणात तिखट मागवलंत तर तांबडी वाईन नको, तिखट आणखी झोंबतं. तांबड्या रश्श्यावर वाढलेल्या जिभेला थंड, किंचित गोडसर शेनिन ब्लाँ ही पांढरी वाईन बरी. परतीसाठी गाडी आधीच थांबवून ठेवा, अंधार पडल्यावर तिकडे रिक्षा मिळणं कठीण.

येताना कोंडाजी चिवडा आणा. बेदाणे नकोत, तासगावचे आपल्या दाराशी आहेत. काकांसाठी बाटली घेतलीत तर दोन टॉवेलांत गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवा, गाडीच्या डिकीत उन्हात नको, उष्णतेने बूच वर सरकतं. घरी आल्यावर कपाटात जपून ठेवू नका. एप्रिलच्या आत संपवायची, आणि उघडली की फ्रिजमध्ये तीन-चार दिवसच.

तारखा कळवा. खोली मी इथून बुक करते. तळमजल्यावरची, कमोड असलेली आणि पाण्याच्या बाजूची मागते.

तुमची लेक