दोन कुलपं आणि लिथियमचे ढग

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय क्वांटम मिशनबद्दल (क्वांटम तंत्रज्ञानाच्या संशोधनाची केंद्र सरकारची योजना) छापून येतं ते बहुधा 6003 कोटींच्या तरतुदीबद्दल, नाहीतर संगणकाबद्दल. अतिशीत वायूंचा विषय निघालाच, तर किती थंड एवढं सांगून बातमी संपते. त्या थंडीत वायू वागतो कसा, ही खरी गंमत राहूनच जाते.

गेल्या रविवारी नौपाड्यातल्या आमच्या गॅलरीत नातीला मी वाळणीच्या दोरीवर दोन सारखी कुलपं टांगून दिली. एकाला झोका दिला. थोड्या वेळात ते जवळजवळ थांबलं आणि शेजारचं डोलू लागलं. मग पुन्हा उलट. मध्ये फक्त ती दोरी. एकाचा दोरा दोन बोटं आखूड केला, तर पहिलं पुरतं थांबेना. नुसतं मंदावायचं आणि परत जोर धरायचं.

2014 मध्ये पॅरिसच्या एकोल नॉर्माल सुपेरियर या संस्थेत ख्रिस्तोफ सालोमाँ यांच्या गटाने हेच अणूंच्या दोन ढगांमध्ये पाहिलं. लिथियम-7 चे अणू बोसॉन, म्हणजे एकाच अवस्थेत कितीही गर्दी करू शकणारे; लिथियम-6 चे फर्मिऑन, म्हणजे एका अवस्थेत एकच मावणारे. (बोसॉन हे नाव आपल्या सत्येंद्रनाथ बोसांवरून पडलं, हे मुलांना सांगायलाच हवं.) निरपेक्ष शून्यापेक्षा जेमतेम एक कोटीव्या अंशाने जास्त तापमान, आणि दोन्ही ढग अतिप्रवाही, म्हणजे घर्षणाशिवाय वाहणारे, एकमेकांत मिसळलेले. दोघांना एकत्र झोका दिला. वस्तुमान वेगळं, म्हणून लय थोडी वेगळी: सेकंदाला साधारण पंधरा आणि सतरा हेलकावे. बोसॉनांचा झोका आमच्या कुलपासारखाच कमी होऊन पुन्हा वाढला, आणि सावकाश हलवलं तेव्हा कित्येक सेकंद विरलाच नाही. ढग कुठे आहे ते पाहायला प्रकाश टाकून त्याची सावली टिपायची, तर ढगच मोडतो. म्हणजे आलेखावरच्या पुढच्या बिंदूसाठी पुन्हा नवा ढग. एवढी चिकाटी!

म्हणूनच वाईट वाटतं. नात ठाण्यातल्या एका महाविद्यालयात बी.एस्सी.ला आहे. तिथे जोडलेल्या लंबकांचा प्रयोग जर्नलमध्ये आहे, पण वाचनं फळ्यावरून उतरवून घेतली. तिने लंबक हलताना पाहिला तो आमच्या गॅलरीत.

महाविद्यालयांना कळकळीची विनंती आहे, हा प्रयोग मुलांच्या हातून होऊ द्या. दोन गोळे, दोरा आणि स्टॉपवॉच, एवढंच तर लागतं.

आपला,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक, नौपाडा, ठाणे