आरोग्य उपकेंद्रातल्या ताईंनो, मनापासून आभार

आईची उपाशीपोटी साखर २८६ निघाली, तेव्हा ती म्हणाली, "वयामानानं होतंच की." या हट्टाला पुरून उरलेल्या सगळ्यांचे आभार.

पहिल्या आशाताई. तिशीपुढच्या सगळ्यांची तपासणी करायची म्हणून तीनदा आल्या. दोनदा आई मागच्या दारानं शेतात सटकली होती! सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडमनी ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन सल्लासेवेवर, डॉक्टर जोडून दिले. रेंज गेली की टॅब घेऊन पिंपळाखाली जायचं. डॉक्टरांनी विचारलं, "चहात साखर किती?" आई म्हणाली, "एक चमचा." मागून आशाताई, "तीन!"

साखरेमुळे पायाची जाणीव कमी झालीय का बघायला सिस्टरनी तर आईला डोळे मिटायला लावून तळपायाला नायलॉनचा बारीक तंतू टेकवला. अंगठ्याखाली तिला काही कळलंच नाही. त्या दिवशी ती पहिल्यांदा घाबरली. आता चपलेशिवाय बांधावर जात नाही, रात्री स्वतःच आरसा धरून तळवे बघते.

गोळ्या संपायच्या आत फोन येतो. साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी १०.४ वरून ७.३ वर आलीय.

नावं लिहू नका म्हणालात, नाही लिहिली. संक्रांतीला पाठवलेल्या डब्यातल्या गुळपोळ्या कुणी खाल्ल्या, एवढं मात्र आई विचारतेय.