एकोणीस नोव्हेंबरला काय करतोयस?

मिरज
८ फेब्रुवारी २०२६

प्रिय मंग्या,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुला पहिल्यांदा वाटेल की कुणीतरी गेलं. कुणी गेलेलं नाही. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आता जिना चढतात आणि उतरताना देवाला शिव्या देतात. माझी शुगर काठावर आहे. आई बरी. झालं, तब्येतीचं एवढंच.

व्हॉट्सॲपवर लिहायला घेतलं होतं. मग मनात आलं, एकच टिक आली आणि तशीच राहिली तर? तू मला ब्लॉक केलंयस की नाही हे तपासायची माझ्यात हिंमत नाही. म्हणून हे पत्र. पत्ता पिंकीकडून घेतला, तिच्यावर चिडू नकोस.

कारण सांगतो. मागच्या रविवारी माळा आवरायला काढला. शिल्पा खाली उभी राहून एकेक वस्तू 'रद्दी', 'भंगार', 'हे कशाला ठेवलंय' असा निकाल देत होती. त्यात एक दोनशे पानी वही निघाली. वर तुझ्या अक्षरात 'गणित भाग २'. पहिल्या दोन पानांवर खरंच लॉगॅरिदम आहे, तुझी तेवढीच निष्ठा. तिसऱ्या पानापासून आपल्या जीटीए व्हाइस सिटी गेमचे चीटकोड, टाइप केले की गेममध्ये फायदा देणारे ते शब्द. पँझर म्हणजे रणगाडा. लीव्ह मी अलोन म्हणजे पोलीस गायब. अ‍ॅस्पिरिनचं स्पेलिंग तीनदा खोडलंय, कारण शेवटी ई आहे की नाही यावरून तुझं आणि सुहासचं भांडण झालं होतं आणि तोवर गेमचा हिरो टॉमी मरून दवाखान्याच्या दारात उभा होता. (ई आहे. सुहास बरोबर होता. आता तरी मान्य कर.)

ओजसच्या हातात वही पडली. म्हणाला, "बाबा, हे कुणाचे पासवर्ड?"

आता त्याला काय सांगायचं? तासाला पंधरा रुपये, कॅफेवाल्या काकांचं 'एका कॉम्प्युटरला एकच पोरगा', आणि आपण तिघं दोन खुर्च्यांवर, हे त्याच्या डोक्यात कसं बसवायचं? म्हटलं, दाखवतोच. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर व्हाइस सिटी चढवली. चालली की रे! आणि तू म्हणशील तेच झालं: फिरत फिरत, खेळत खेळत, दोन दिवसांत पोरगं त्या टॉपफनच्या व्हॅनपाशी पोचलं.

हो. हेलिकॉप्टर. त्या खेळण्यातल्या हेलिकॉप्टरने इमारतीत बॉम्ब ठेवायची मिशन.

मी काही बोललो नाही. चहा घेऊन मागे बसलो. म्हटलं, बघू, आपली जशी झाली तशी याचीही होऊ दे. पहिल्या खेपेला भिंतीला धडकून मेला. दुसऱ्या खेपेला मात्र त्याने काय केलं माहितीय? बॉम्ब उचललाच नाही. ते रिकामं खेळण्यातलं हेलिकॉप्टर घेऊन इमारतीत शिरला, जिना कुठे आहे ते बघितलं, पहारेकरी आणि गवंडी पात्यांनी आडवे केले, चारही मजले निवांत फिरून आला. मी म्हटलं, "अरे, वेळ चाललाय." तर म्हणतो, "कुठे चाललाय? पहिला बॉम्ब उचलेपर्यंत घड्याळ सुरूच होत नाही. बघा ना." मग एकेक बॉम्ब उचलला, चार मजल्यांवर चार ठेवले, मिशन पास. माझ्या कपातला चहा तसाच.

मंग्या, २००५ साली पिंकीने हेच केलं होतं. डबा द्यायला आलेली, नववीतली पिंकी. तिनेही आधी नुसतं हिंडून घेतलं होतं आणि आपण तिघं ओरडत होतो, 'उचल की, उचल की!' आणि वीस वर्षं तू प्रत्येक लग्नात, प्रत्येक मुंजीत सांगत आलायस की ती मिशन तू पास केलीस. मी सगळीकडे गप्प बसलो. आता माझ्याकडे पुरावा आहे: वहीच्या मागच्या पानावर तारीख टाकून 'हेलि. पास (पिंकी)' असं सुहासने लिहून ठेवलंय. या पानाचा फोटो मी जपून ठेवलाय. जास्त बोललास तर पिंकीच्या पोरांना दाखवीन.

हे सगळं सुहासला सांगून उपयोग नाही, तो म्हणेल, 'बरं मग?' शिल्पा म्हणाली, 'जेवायला चला.' म्हणून तुला लिहितोय. पण खरी गोष्ट वेगळीच आहे.

जीटीएच्या सहाव्या भागाची तारीख पुढे गेली ते तुला माहीत असणारच. आधी म्हणाले, २०२५च्या अखेरीला. मग म्हणाले, २६ मे २०२६. माझं लगेच डोकं चाललं, की आपल्या टॉमीला आवाज देणारा रे लिओटा गेला २६ मे २०२२ला, आणि यांनीही तारीख काढावी ती २६ मे! योगायोगच असेल, पण मला बरं वाटलं होतं. त्या आठवड्याची रजा मी वर्षभर आधी साहेबांच्या कानावर घातली होती, 'घरगुती कार्य' म्हणून. आणि परवाच्या नोव्हेंबरात तेही गेलं. आता १९ नोव्हेंबर. दिवाळी संपून आठवडा झालेला असेल, कार्तिकीच्या तोंडावर. आई पंढरपूरला जाईल आणि मी व्हाइस सिटीला.

ऑफिसातली तरुण पोरं त्या दिवशी सुतकात बसल्यासारखी होती. एकाने डबा खाल्ला नाही. मीही मान हलवली, 'काय राव, हे लोक' वगैरे बोललो. पण मंग्या, खरं सांगू का? मला आनंद झाला. गणिताचा पेपर पुढे ढकलला की व्हायचा ना, तसाच. अभ्यास काडीचा झालेला नाही आणि आता सहा महिने मिळाले, तसा.

हे मी कुणाला सांगू? बारा वर्षं ज्याची वाट बघतोय तो लांबला म्हणून खूश झालेला माणूस मी. पाचवा आला १७ सप्टेंबर २०१३ला, ओजस झाला त्या डिसेंबरात. त्याला आता मिसरूड फुटतंय आणि यांचा पुढचा भाग अजून यायचाय.

का आनंद झाला याचा मी बराच काथ्याकूट केला. पहिलं कारण पैशाचं काढलं. आपण कॉम्प्युटरवाले. सहावा येतोय फक्त प्लेस्टेशन फाइव्ह आणि एक्सबॉक्स सीरिजवर, कॉम्प्युटरचं नावही काढलेलं नाही. आपल्या नशिबी हे नेहमीचंच. व्हाइस सिटीला आपण अर्धं वर्ष मागे होतो, सॅन अँड्रियासला साताठ महिने. पाचवा कॉम्प्युटरवर आला एप्रिल २०१५ला, म्हणजे एकोणीस महिन्यांनी. त्याच कंपनीचा तो काउबॉयचा गेम, रेड डेड टू, वर्षभराने. तेव्हा वाट बघायला काही वाटायचं नाही. आता एकोणीस महिने म्हणजे मी एक्केचाळीस पार. म्हणजे प्लेस्टेशन घ्यायचं. म्हणजे पन्नास-पंचावन्न हजार, वर गेम, ज्याची किंमत अजून सांगितलेलीच नाही. एका गेमसाठी. बाबांच्या ऑपरेशनचं बिल ताजं असताना. शिल्पाला हळूच विचारलं तर म्हणाली, "घ्या की. पण मग फ्रीज पुढच्या वर्षी." आता या वाक्याला होकार म्हणायचं की नकार, ते तूच सांग. कॉम्प्युटर सुधारून घ्यावा म्हटलं तर रॅमचे भाव सोन्याच्या पेढीत विचारावेत असे झालेत.

पण पैसा हे कारण नाही. पैसे मी जमवलेत, पोस्टाच्या खात्यात आहेत.

दुसरं कारण काढलं वयाचं. मागच्या महिन्यात सराव म्हणून रेड डेड टू लावला. रात्री साडेअकरा, घर झोपलेलं, हेडफोन. घोड्यावर बसलो, बर्फातून खाली उतरलो, काय देखणं केलंय रे ते! आणि डोळा लागला. जागा झालो तेव्हा घोडा नदीत, मी नदीत, अंगठा तसाच दाबलेला. खालची अक्षरं वाचायला चाळिशीचा चष्मा लागतो आणि चष्म्याची दांडी हेडफोनखाली टोचते. कानामागे वळ उठलाय. आपण रात्री दोनला कॅफेचं शटर खालून वर करून बाहेर पडायचो, सकाळी सातला क्लास. तो माणूस कुठे गेला?

आणि समज, सहावा आला, पैसे भरले, सगळं जमलं, आणि मला मजाच आली नाही तर? लिओनिडा, व्हाइस सिटी, समुद्र, ती लुसिया आणि तो जेसन. दुसरा ट्रेलर मी किती वेळा बघितला ते सांगत नाही. ट्रेलर बघताना येते ती मजा पुरते मला. पुढचं काही नसलं तरी चालेल असं कधीकधी वाटतं. भीती त्याचीच वाटते.

तर हेही अर्धंच कारण. उरलेलं अर्धं तू आहेस, लान्स, व्हाइस सिटीत टॉमीला दगा देणारा त्याचा दोस्त.

हो, लिहिला तो शब्द. चोवीसच्या जानेवारीत ग्रुपवर लिहिला होता तेव्हा सगळे हसले, तू ग्रुप सोडलास. तुझं ग्राफिक कार्ड माझ्याकडे जळलं आणि मी लिहिलं, 'शेवटी लान्स तो लान्सच.' कार्ड तू २०२१ला दिलं होतंस, बाजारात कुठे मिळत नव्हतं तेव्हा, घेतल्या भावात. अडीच वर्षं उत्तम चाललं. ही अडीच वर्षं मी ग्रुपवर लिहिली नाहीत. लिहिलं ते असं की जणू तू मला जळका माल खपवलास. मला राग कार्डाचा नव्हताच. तू गणपतीत सांगलीला येऊन चार दिवस राहिलास आणि मिरजेला आला नाहीस, त्याचा होता. पंधरा मिनिटांचा रस्ता. ते तोंडावर बोलायची लाज वाटली, कार्डाबद्दल बोलणं सोपं होतं. चुकलं माझं. (तरी यायला हवं होतंस.)

आणि आपलं ठरलं होतं. २०१५ला पाचवा कॉम्प्युटरवर आला, तू पुण्यात, मी इथे, रात्रभर फोन कानाला लावून खेळलो आणि तू म्हणालास, सहावा एका खोलीत. चार दिवस, फोन बंद, बायकांना काय सांगायचं ते ज्याचं त्याने बघायचं. तारीख २६ मे लागली तेव्हापासून माझ्या पोटात गोळा होता, कारण तारीख आली की तुला फोन करावा लागणार. तारीख पुढे गेली, फोनही पुढे गेला. म्हणून आनंद. कळलं?

ओजस म्हणाला ते बॉम्बचं आणि घड्याळाचं, तेव्हा मी चहा का प्यायलो नाही, ते आता लक्षात येईल तुझ्या.

बाकी, यंदा माल बराच आहे. तुझा लिऑन परत येतोय, रेझिडेंट ईव्हिल रेक्विएम या घाबरवणाऱ्या गेममध्ये, याच महिन्याच्या २७ला. तू रात्री घेशील आणि सकाळी सगळे दिवे लावून बसशील. बाँडचाही येतोय, हिटमॅन गेम करणाऱ्या त्या डेन्मार्कवाल्यांचा. मार्चमध्ये होता, तो सरकवून २७ मेला नेला. सहावा २६ मेवरून उठला आणि बाँडने त्या जागेवर रुमाल टाकला, आपल्या तासगाव गाडीत टाकतात तसा. गाड्यांच्या शर्यतीचा फोर्झाही आहे, या वेळी जपानात. ओजसला मी तोच देणार. सहाव्याला तो हात लावायचा नाही, अजून सहा वर्षं. तू हसतोयस, मला ऐकू येतंय. आपण सतराव्या वर्षी काय खेळत होतो हे मला पक्कं आठवतं, म्हणूनच.

तुझ्या नव्या घराची वास्तुशांत झाल्याचं पिंकीने सांगितलं. फोटोत बघितलं, बाल्कनी छान आहे. वहिनींची नोकरी तिकडेच लागली हे बरं झालं. धाकटी शाळेत जायला लागली ना? काकूंना नमस्कार. अजून लिहायला हवं तुमच्याबद्दल, पण लिहायला काही माहीतच नाही मला, दोष माझा.

तर एकोणीस नोव्हेंबर गुरुवार आहे. गुरुवार, शुक्रवार रजा टाकली की चार दिवस होतात. यांनी पुन्हा तारीख ढकलली तरी तू ये, वहीत अजून बरेच कोड आहेत. प्लेस्टेशन मी घेतो. वरची खोली रिकामी आहे, गादी नवीन आहे, आणि पाठीला उशी मी आत्ताच वेगळी काढून ठेवलीय. तू फक्त दुसरा कंट्रोलर आण. नवीन आण. तुझ्याकडचं वापरलेलं काही मी घेणार नाही.

तुझा,
टॉमी

ता. क. वही तुझी आहे, पण पाठवत नाही. येऊन घेऊन जा. आणि व्हॉट्सॲपवर सकाळी एक 'हाय' टाकणार आहे. दोन टिका दिसल्या की पुरे, उत्तर नाही दिलंस तरी चालेल.