रेघेवरचा ठिपका

जांबोटी,
सुगीचे दिवस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले, पण भाताच्या मळणीत पेन धरायला सवड कुठली! 'इतक्या लांबचा तारा कधी फुटला हे तुला कसं कळतं?' असं विचारलंयस. कधी ते नाही रे कळत. फुटला होता, एवढंच कळतं.

सुमारे २७ लाख प्रकाशवर्षांवरच्या एम ३३ दीर्घिकेत तांबड्या ठिपक्यांची रास आहे. बहुतेक ठिकाणी तरुण, तापट ताऱ्यांच्या अतिनील प्रकाशानं वायू उजळलेला असतो. काही ठिकाणी मात्र ताऱ्याच्या स्फोटाचा धक्का त्याच्यावर आदळलेला असतो. फोटोत दोन्ही सारखेच. आपल्या गल्लीतला लोहार आठवतो? लोखंड भट्टीत तापायचं, पण थंड खिळ्यावरही चार घाव बसले की हाताला चटका! ठिपका भट्टीतला की घावाचा, ते वर्णपट, म्हणजे रंगारंगांत फोडलेला प्रकाश, सांगतो.

त्यात हायड्रोजनची रेषा ६५६३ अँगस्ट्रॉमला (हे तरंगलांबी मोजायचं माप), गंधकाची जोडी ६७१६ आणि ६७३१ ला. प्रखर ताऱ्याजवळ गंधकाचे दोन-दोन इलेक्ट्रॉन उडतात आणि जोडी फिकी पडते. धक्क्यामागं निवत जाणाऱ्या वायूत एकच इलेक्ट्रॉन गमावलेलं गंधक भरपूर असतं, म्हणून जोडी ठळक. जोडीच्या तेजाच्या बेरजेला हायड्रोजनच्या तेजानं भागायचं, ०.४ च्या वर गेलं तर फुटलेल्या ताऱ्याचा अवशेष. १९७३ साली मॅथ्यूसन आणि क्लार्क या खगोलशास्त्रज्ञांनी मोठ्या मॅगेलन मेघात, म्हणजे आपल्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेत, हीच तुलना करून अवशेष हुडकले.

आता माझं दुखणं ऐक. एक ठिपका नेमका ०.४ वर बसलाय. दीर्घिकेत पसरलेल्या विरळ वायूतही हे गुणोत्तर चढतं, त्यामुळं छातीठोक बोलता येत नाही. सर म्हणतात, यादीतून काढ. मला पटत नाही. १९५६ ची राज्यांच्या सीमेची रेघ दारात घेऊन वाढलोय आपण. रेघेवरच्याला इतक्या झटक्यात कुणीकडं ढकलू?

ऑक्सिजनची ६३०० ची रेषा साक्षीला आली असती, पण आपल्याच वातावरणाची रात्रीची झळाळी नेमकी तिथंच. एम ३३ आपल्याकडं येतेय खरी, पण त्यानं रेषा सरकते जेमतेम चार अँगस्ट्रॉम. आभाळ वजा करताना सगळा चिखल होतो. उरली रेषेची रुंदी. धक्क्यानं ढवळलेला वायू सेकंदाला शंभरेक किलोमीटरनं धावतो, रेषा पसरते. ते बघायला जास्त बारीक वर्णपट हवा, म्हणून दुर्बिणीवर पुन्हा वेळ मागितलाय.

परवा करंट गेला तेव्हा अंगणात द्विनेत्रीतून आईला एम ३३ दाखवली. म्हणाली, "काच पुसून घे की, डाग पडलाय."

कुंदा पाठवलाय. मुंग्या लागायच्या आत संपव.

तुझाच